डीलरचं दुसरं पान

मी स्वभावाने संशयी आहे. कोणी तसं तोंडावर म्हटलं तर मी भांडत नाही, कारण ते खरंच आहे. नाशिकला असताना दूधवाला माप ओतायचा तेव्हा मी मापाच्या तळाकडे बघायचे. लग्नानंतर इंग्लंडात मेडनहेडला आल्यावर सुपरमार्केटच्या दारातच उभी राहून पावतीवर पेनाने खुणा करायचे. नोकरीसुद्धा तशीच मिळाली. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये चुका शोधायच्या. दिवसभर संशय घ्यायचा आणि महिन्याच्या शेवटी त्याचा पगार घ्यायचा, याहून सुखाचं काय असणार.

नवरा माझ्या अगदी उलट. पुण्याचा असून चिकित्सा त्याच्यात औषधालाही नव्हती. टेलिफोनवर कोणी गोड आवाजात डबल ग्लेझिंगच्या खिडक्या विकायला लागलं की हा दहा मिनिटं ऐकून घ्यायचा आणि वर थँक यू म्हणायचा. तो एका टेलिकॉम कंपनीत डेटाबेसचं काम बघायचा. आठवड्यातून एखाद्या रात्री त्याला ऑन-कॉल असायचं, म्हणजे सिस्टिम कोसळली तर घरूनच दुरुस्त करायची. त्यासाठी आम्ही ब्रॉडबँड घेतलं होतं आणि बॉक्सरूममध्ये, म्हणजे घरातल्या सगळ्यांत छोट्या खोलीत, त्याचं टेबल मांडलं होतं.

दोन हजार चारच्या आसपासची गोष्ट आहे. तेव्हा मेडनहेडमधली आम्ही मराठी मंडळी एकमेकांकडे जमलो की पोह्यांच्या जोडीला एकच विषय असायचा. घरी पैसे पाठवायला कुठली बँक बरा रेट देते, कुठलं फोनकार्ड सांगितलेली मिनिटं खरंच देतं, गाडीचा इन्शुरन्स कोणाकडे स्वस्त. ‘कुठलं बेस्ट पडतं?’ हा आमचा परवलीचा शब्द होता. तुलना केल्याशिवाय आम्ही चहाचा मगसुद्धा विकत घेत नव्हतो.

त्यामुळे ऑफिसातल्या कुणाच्या तरी लीव्हिंग डूला, म्हणजे निरोपाच्या पार्टीला, नवरा कॅसिनोत जाऊन आला, ब्लॅकजॅक खेळून थोडं जिंकून आला, आणि पुढच्या शनिवारी परत जाऊ का म्हणाला, तेव्हा माझ्या तोंडून जे बाहेर पडलं ते आमच्या जातकुळीला शोभणारं होतं. दुसऱ्या कुठल्याही बायकोने सांगितलं असतं, जुगार आहे तो, पाऊल टाकायचं नाही. मी विचारलं, “कुठलं कॅसिनो बेस्ट पडतं?”

त्या विचारण्याला एक कारणही होतं. मला चौथा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे ठरलेलं. सातव्या महिन्यात मी नाशिकला जाणार, आई डोहाळजेवण करणार, बाळ तीन महिन्यांचं झालं की मी परत येणार. आईने मालिशवाल्या बाईंना शब्द देऊन ठेवला होता. म्हणजे जवळजवळ अर्धं वर्ष हा इथे एकटा राहणार. तोंडाला चव लागलेल्या माणसाला नुसतं नको म्हणून चालत नाही, असा माझा हिशोब. मी नसताना हा जाणारच असेल, तर निदान कमीत कमी लुबाडतात तिथे तरी जाईल. हे मला ठरवून द्यायचं होतं, विमानात बसायच्या आधी.

खेळ तसा सोपा. राजा, राणी, गुलाम दहाचे, एक्का एकचा किंवा अकराचा; पानांची बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची, एकवीसच्या वर गेलात की मेलात, आणि डीलरपेक्षा जास्त झाली तर जिंकलात. पण नियम प्रत्येक जागी जरा जरा वेगळे असतात, आणि कॅसिनोचा फायदा त्या जरा जरामध्येच दडलेला असतो. मी इंटरनेटवर वाचलं, लायब्ररीतून पुस्तक आणलं, आणि एकदा विषय डोक्यात शिरला म्हटल्यावर मला ऑफिसचं काम फिकं वाटायला लागलं.

आम्ही तीन जागा बघितल्या. एक रेडिंगला, दोन लंडनमध्ये. त्या काळी तडक आत जाता यायचं नाही. आज पासपोर्ट दाखवून मेंबर व्हायचं आणि उद्या यायचं, असा कायदा होता. मला ते फारच संशयास्पद वाटलं. ज्याला मला लुटायचंय तो मला एक दिवस विचार करायला कशाला देईल? नवरा म्हणाला, “अगं, गव्हर्नमेंटचा रूल आहे तो, त्यांचा नाही.” मी म्हटलं, “बघू.”

रेडिंगला आत गेल्यावर तर माझी शंकेची पाल एकसारखी चुकचुकत होती. शनिवारची दुपार, बाहेर लोक प्रॅममधून पोरं फिरवतायत, आणि आत कार्डिगन घातलेल्या म्हाताऱ्या बायका शांतपणे पैसे लावतायत. चहा फुकट, सँडविच फुकट. फुकट चहा देणाऱ्या माणसाकडे मी नीट बघून घेते. मी सँडविच उघडून आतलं चीज पाहिलं, तेही चांगलं होतं. मग मी पोट सावरत नवऱ्याच्या खुर्चीमागे उभी राहिले आणि डीलरच्या हातांवरून नजर हलवली नाही. पोलंडची मुलगी होती ती. टेबल सोडताना दोन्ही हात उलटे-सुलटे करून दाखवायची, की बघा, काही लपवलेलं नाही. मला ती मुलगी आवडली आणि म्हणूनच तिचा जास्त संशय आला.

“हे पत्ते तुम्ही हाताने पिसता की मशीन?” मी तिला इंग्रजीत विचारलं.

“इथे हाताने,” ती म्हणाली. “तुम्ही खेळणार आहात का, मॅडम?”

“नाही. मी फक्त बघणार आहे.”

तिने टेबलांवर देखरेख करणाऱ्या माणसाकडे एक नजर टाकली. त्याने माझ्या पोटाकडे बघितलं आणि मला खुर्ची आणून दिली. त्याच्या चांगुलपणातही काहीतरी पाणी मुरतंय असं मला वाटलं.

लंडनच्या एका ठिकाणी पैज दुप्पट करायला फक्त नऊ, दहा किंवा अकरा बेरीज लागायची. दुसरीकडे पत्ते पिसायचं मशीन होतं, वापरलेली पानं लगेच पोटात घेऊन परत पिसणारं, आणि शिवाय ‘जोडी लागली तर जादा पैसे’ असलं आमिष, ज्यात लोक खुळ्यासारखे पैसे ओतत होते. रेडिंगला कुठल्याही दोन पानांवर दुप्पट करता यायचं, पिसणं हाताने, आणि डीलर सतराला थांबायचा. माझ्या हिशोबाने तिथे नीट खेळलं तर शंभर पौंड फिरवल्यामागे कॅसिनोचा वाटा अर्धा-पाऊण पौंडाचा. एवढ्यात सिनेमाचं पॉपकॉर्नही येत नाही. रेडिंग बेस्ट पडत होतं.

एक नियम मात्र तिन्हीकडे सारखा होता आणि तो मला सगळ्यांत खुपला. इथे डीलर स्वतःला आधी एकच पान घेतो, उघडं. दुसरं पान सगळ्यांचं खेळून झाल्यावर. अमेरिकेत तसं नाही. तिथे डीलर सुरुवातीलाच दोन पानं घेतो, एक उघडं आणि एक उपडं, आणि उघडं पान एक्का किंवा दहाचं असेल तर उपडं पान आधीच डोकावून बघतो. त्याला तिथल्या तिथे एकवीस, म्हणजे ब्लॅकजॅक, झाले असतील तर खेळ तिथेच संपतो, तुम्हाला पैज दुप्पट करायची वेळच येत नाही. इथे तुम्ही बिचारे दुप्पट करून बसता आणि शेवटी तो दुसरं पान काढून सगळं घेऊन जातो. म्हणून इथे आपले अकरा असले आणि डीलरचं दहाचं पान असलं तर दुप्पट करायचं नाही. अमेरिकेत बेलाशक करायचं. एवढा एक फरक मी नवऱ्याकडून पाढ्यासारखा घोकून घेतला.

मग आमचं ठरलं. महिन्यातून एक शनिवार, फक्त दुपारी, फक्त रेडिंग, खिशात ठरलेली रोकड, कार्ड घरी. नवऱ्याने सगळ्याला मान डोलावली.

आणि झालं असं की दोनेक वेळा जाऊन त्याने जाणंच सोडलं. मी आठवण केली तर म्हणायचा, “नको, कंटाळा आला. तू इतके रूल्स पाठ करून घेतलेस की मजाच गेली.” मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. नियम समजले की मोह उतरतो, असं मी पोहे खाता खाता दोन-चार जणींना ऐकवलंसुद्धा. त्याच सुमारास त्याच्या कंपनीत कसलं तरी मायग्रेशन निघालं आणि ऑन-कॉल वाढलं. शनिवारी, रविवारी तो बॉक्सरूमचं दार लावून बसायचा. मी दाराशी चहा ठेवायचे आणि पाय न वाजवता परत यायचे, कामात व्यत्यय नको म्हणून. सँडविच उघडून बघणारी मी ते दार उघडलं नाही. माझा सगळा संशय रेडिंगच्या पोलिश मुलीवर खर्च झाला होता.

माझं जायचं अगदी जवळ आलं होतं. बॅग निम्मी भरून झाली होती, बाळासाठी घेतलेले लोकरीचे मोजे आणि आईसाठी घेतलेला स्वेटर एकाच पिशवीत. रविवारची दुपार होती. मी टेबलावरची ताटं उचलली आणि पत्त्यांचा कॅट काढला.

“आता काय?” नवऱ्याने विचारलं.

“शेवटची टेस्ट. मी नसताना गेलास तर शेण खाऊ नयेस म्हणून.”

“अगं, मी जातच नाहीये. किती आठवडे झाले.”

“म्हणूनच. विसरला असशील.”

तो हसला आणि समोर बसला. मी डीलर झाले. सुरुवातीलाच मला जाणवलं की तो फार भरभर खेळतोय. मी पान टाकायच्या आत त्याचं ठरलेलं असायचं. इतके आठवडे न खेळलेला माणूस जरा अडखळतो, बेरीज करतो. हा बेरीज करतच नव्हता. आणि त्याच्या उजव्या हाताचं पहिलं बोट टेबलावर हलकेच आपटत होतं, टक, टक, एकसारखं.

मग त्याला सहा आणि पाच आले. अकरा. मी माझं पान टाकलं, इस्पिकचा राजा.

“डबल,” तो म्हणाला. “पण तू आधी बघ.”

“काय बघू?”

“खालचं पान गं. राजा आलाय ना तुला. ब्लॅकजॅक आहे का बघ. नसेल तर मी डबल.”

माझ्यासमोर एकच पान होतं. टेबलावर राजा आणि त्याच्या आजूबाजूला नुसतं मेणकापड. मी त्या राजाकडे बघत राहिले.

“खालचं पान कुठाय?” मी विचारलं.

आता त्यानेही बघितलं. त्याचं बोट थांबलं.

“कुठल्या कॅसिनोत डीलर खालचं पान बघतो रे?”

“पुस्तकात वाचलं असेल. तूच आणलं होतंस.”

“पुस्तक मी परत केलं, तू ते उघडलंही नव्हतंस. रेडिंगला खालचं पान नाही. लंडनला दोन्हीकडे नाही. तू कुठे खेळतोयस?”

तो पत्ते गोळा करायला लागला. गोळा करून झाले, कडा जुळवून झाल्या, कॅट डब्यात गेला. मी उठले नाही. शेवटी तो बॉक्सरूमच्या दाराकडे बघून म्हणाला, “कॉम्प्युटरवर.”

कुठल्याशा बेटावरून चालणारी ती साइट होती. अमेरिकन नियम. कार्डाचा नंबर टाकला की झालं, मेंबर व्हायला उद्या या म्हणणारं कोणी नाही. ऑन-कॉलचे निम्मे शनिवार-रविवार खोटे होते. आणि हे सगळं सांगून झाल्यावर तो जे म्हणाला ते मी कधी विसरणार नाही. तो अगदी कळवळून म्हणाला, “पण तिथले रूल्स रेडिंगपेक्षा बरे आहेत. मी कंपेअर केलं होतं.”

ते खरं होतं. मी नंतर तपासलं. नियम रेडिंगपेक्षा खरंच बरे होते. मी त्याला जे शिकवलं होतं ते त्याने मन लावून केलं होतं. मी फक्त एक गोष्ट कधी विचारली नव्हती, की तासाला किती डाव होतात. रेडिंगला पोलिश मुलगी सावकाश पत्ते पिसायची, कोणी म्हातारी चहात साखर ढवळत बसायची, डाव लांबायचा. बॉक्सरूममध्ये पिसणं नाही, चहा नाही, समोर माणूस नाही. माउसवर बोट आपटलं की डाव. शंभरामागचे ते अर्धा-पाऊण पौंड तिथे दिवसभर गळत राहिले होते, आणि ते परत मिळवायला तो आणखी मोठे डाव लावत गेला होता. किती गेले ते त्याने सांगितलं. मी तो आकडा इथे लिहिणार नाही.

अशा वेळी बायका सुन्न होतात असं म्हणतात. मी सुन्न झाले नाही, मला भयंकर राग आला. त्याचा आला, आणि त्याहून जास्त माझा. पाय न वाजवता चहा ठेवून येणाऱ्या त्या बाईला धरून हलवावं असं वाटत होतं. आणि रागाच्या खाली भीती होती, साधी, गार भीती.

तो रडला. मग म्हणाला, “तू जा. खरंच जा. आई वाट बघतायत. मी आजपासून बंद केलं समज.”

तो मनापासून म्हणत होता, यात मला तेव्हाही शंका नव्हती. पण मनापासून म्हणणं आणि अर्धं वर्ष एकट्याने त्या घरात राहणं या वेगळ्या गोष्टी आहेत. मी बाळ घेऊन परत येईन तेव्हा घरात काय शिल्लक असेल, आणि नवरा कुठल्या अवस्थेत असेल, हे नाशिकच्या पलंगावर पडून मला कसं कळणार होतं? मी दोन दिवस बॅगकडे बघत काढले. तिसऱ्या दिवशी स्वेटर बाहेर काढून कपाटात ठेवला आणि आईला फोन लावला.

“आई, मी येत नाहीये. इथेच करायचं ठरवलंय.”

फोनकार्डाच्या खरखरीतून आईचा आवाज आला.

“डॉक्टर नको म्हणाले का प्रवासाला?”

“नाही. तसं काही नाही. इथे मिडवाइफ घरी येतात, सगळं चांगलं असतं.”

“अगं, खोलीला रंग दिला मी. पलंग हलवला खिडकीपाशी.” मग आवाज उतरवून, “जावईबापू सोडत नाहीयेत का?”

“नाही गं. माझंच मत आहे.”

“बरं,” आई म्हणाली. बाबांची बायपास नुकती झाली होती, त्यांना सोडून तिला इकडे येणं शक्य नव्हतं. ते आम्हा दोघींना माहीत होतं, म्हणून त्यावर आम्ही बोललोच नाही. “तिथल्या बायकांचा भरवसा वाटतो तुला. असू दे.”

तिला खरं सांगावं असं किती वेळा मनात आलं. पण आईला एकदा सांगितलेलं परत घेता येत नाही. तिने त्याला माफ केलं असतं, वाढलंही असतं, पण त्याच्याकडे पूर्वीसारखं कधी बघितलं नसतं, आणि मला त्याच्याबरोबर राहायचं होतं. म्हणून खापर माझ्या डोक्यावर फुटलं तर फुटू दे, असं मी ठरवलं.

मुलगी इथेच झाली. ब्रॉडबँड आम्ही काढून टाकलं, पगार माझ्या खात्यात यायला लागला, आणि ऑन-कॉलचं जे काय येईल त्यासाठी तो ऑफिसात जाऊन बसायला लागला. ओळखीच्यांना वाटलं आम्ही काटकसर करतोय, कोणी कोणी कुठलं डील मिळालं असंही विचारलं. रात्रभर बाळाला खांद्यावर घेऊन तो हॉलमध्ये फेऱ्या घालायचा. मालिश त्याने शिकून घेतली, लायब्ररीतल्या व्हिडिओवरून. तो परत खेळला नाही. हे मी विश्वासाने सांगत नाही, बघून सांगते. मी तेव्हाही बघत होते आणि अजूनही बघते, आणि त्याला ते माहीत आहे.

मुलगी दोन वर्षांची झाल्यावर आम्ही तिघं नाशिकला गेलो. तोवर बाबा बरे झाले होते. आईने पहिल्याच दिवशी पुरणाचा घाट घातला आणि शेजारच्या काकूंना जेवायला बोलावलं. पंगत बसली. माझी मुलगी आईच्या मांडीवर बसून पुरण चाटत होती, आणि आई मध्येमध्ये तिच्या डोक्याचा वास घेत होती. तेवढ्यात काकूंनी विचारलंच, की पहिलटकरीण असून ही आली कशी नाही गं?

“हिला तिकडचं आवडतं,” आई म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती, ती केव्हाच जिरून गेली होती, आणि तेच मला जास्त लागलं. “तिकडच्या नर्सा, तिकडची हॉस्पिटलं. आपल्याकडचं काही पसंत पडत नाही आता. जावईबापू बिचारे जा म्हणत होते. मी फोनवर विचारलं होतं ना तुम्हाला, काय हो?”

नवऱ्याचा घास हातातच राहिला. त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

“हो, आई,” तो ताटाकडे बघत म्हणाला. “मी जा म्हणत होतो.”

“बघा,” आई काकूंना म्हणाली आणि त्याच्या पोळीवर आणखी तूप वाढलं. मग माझ्याकडे वळून, अगदी सहज, “खरं ना गं?”

मी म्हटलं, “खरंय.”